माळ्यावरच्या लॅपटॉपचा सर्व्हर

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपला आणि वडोदऱ्यातल्या सुभानपुऱ्यासारख्या वस्तीतले कितीतरी धडधाकट लॅपटॉप एका दिवसात म्हातारे ठरले. असा लॅपटॉप भंगारात देण्याआधी त्याचा घरचा सर्व्हर करून पाहावा. घरातले फोटो, जीएसटीच्या फायली, सगळं एका जागी राहतं. बॅटरी शाबूत असेल तर लाइट गेल्यावर यूपीएसही वेगळा लागत नाही.

त्यावर लिनक्स टाकावं, तेही बिनचित्रांचं: काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. हे गरिबाघरचं काम नव्हे. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनं परम 8000 हा महासंगणक उभारला ते 1991 साल. त्याच वर्षी हेलसिंकीतल्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सची घोषणा केली. नोव्हेंबर 2017 पासून जगातले अव्वल पाचशे महासंगणक लिनक्सवरच चालतात.

नवख्यानं लिनक्सचं डेबियन 13 हे रूप घ्यावं. यंत्र 64 बिटचं हवं आणि जुन्या डिस्कवरचं सगळं आधी दुसरीकडे उतरवून घ्यायला हवं, कारण मांडणी करताना डिस्क पुसली जाते. रूटचा पासवर्ड विचारला की जागा कोरी सोडावी. मग पहिल्या वापरकर्त्यालाच सुडोचे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार मिळतात.

खरी मेख शेवटाकडे आहे. कोणते सॉफ्टवेअर-संच हवेत, असा पडदा येतो आणि त्यात डेस्कटॉपवर आधीच खूण असते. घाईत एंटर दाबला की सगळा चित्रमय पसारा आत येतो! स्पेसबारनं ती खूण काढावी, दुसऱ्या संगणकावरून आत शिरू देणाऱ्या एसएसएच सर्व्हरवर लावावी, मगच पुढे जावं. पुढे लॉगिन करताना पासवर्डची अक्षरं उमटत नाहीत, तारेही नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नसतो.

इन्स्टॉलरच्या चित्रमय रूपात मराठी मिळते, तरी सर्व्हरला इंग्रजीच बरी. लिनक्सच्या साध्या कन्सोलला एका वेळी जास्तीत जास्त 512 अक्षराकृती पेलतात. तिथे आपली जोडाक्षरं धड दिसत नाहीत. मराठी नावांच्या फायली मात्र दुसऱ्या संगणकावरून नीट वाचता येतात.

'आयपी ए' या आज्ञेनं यंत्राचा पत्ता कळतो आणि मग दिवाणखान्यातल्या संगणकावरून एसएसएचनं आत शिरता येतं. बाहेरच्या इंटरनेटसाठी राउटरचं दार मात्र सध्या उघडू नये. झाकण मिटताच लॅपटॉप झोपी जातो. ते टाळण्यासाठी लॉगिनडी-डॉट-कॉन्फ या फाइलीत 'हँडल-लिड-स्विच'पुढे 'इग्नोर' लिहावं. अशा आज्ञा रेडिओवरून सांगता येतात; माउस कुठे फिरवायचा ते कसं सांगणार?

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वडोदऱ्यात शिरलं होतं. म्हणून तळमजल्यावर राहणाऱ्यांनी सर्व्हर जमिनीवर न ठेवता उंच फळीवर ठेवावा, आणि फायलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन दुसऱ्या भागातल्या नातेवाइकांकडे द्यावी.