मुठी सुट्या की दुमडणाऱ्या?

आज ऑप्टिमस प्राइमच्या तीन आवृत्त्या. माझगावच्या घरात माझ्या वाट्याला कपाटाचा एकच खण, त्यामुळे ठेवायचा एकच. आणि तोही सात वर्षांच्या भाच्याच्या हाती जाणार!

१९८४चा ऑप्टिमस मूळचा जपानी ‘डायाक्लोन’ मालिकेतला. तिथे तो चिमुकल्या चालकांनी चालवायचा ट्रक होता. म्हणून ट्रक आणि उघडणारा ट्रेलर झकास. रोबो झाला की पाय मात्र ठोकळा. मुठी सुट्या, वरून खोचायच्या. चोरबाजारात जुना दिसला तर आधी मुठी आहेत का बघा.

२००३चा मास्टरपीस धातूमुळे चांगलाच जड, पण ट्रेलरच नाही. मग ट्रक कसला?

२०११चा एमपी-१० लहान, पण सांधे काय दिलेत! कंबर फिरते, घोटे बाजूला कलतात म्हणून पाय फाकवूनही तळवा जमिनीला टेकतो. मुठी आतच दुमडतात, हरवायचा प्रश्नच नाही. इंजिनिअर म्हणून माझं मत यालाच.

पण प्रत्येक जादा सांधा म्हणजे रूपांतरात जादा पायरी. भाचा मध्येच अडकला की जोर लावणार. १९८४चा सूचनापत्रक न बघता ट्रक होतो. त्याचीच नवी काढलेली आवृत्ती घेतोय. मुठी माझ्या डबीत.