जुन्या गाडीचे पाणी कुठे जाते?



वर्ध्याचा उन्हाळा मी तुम्हांला वेगळा सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत आर्वीच्या, हिंगणघाटच्या नाही तर समुद्रपूरच्या रस्त्याला एखादी जुनी जीप किंवा अँबॅसडर बॉनेट उघडून उभी दिसते. समोरून वाफ निघत असते, आणि गाडीवाला डबा घेऊन पाणी शोधत असतो. गाडीत कापसाची सरकी असली तर तासाभराचा उशीर चालून जाईल; पण सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचा साप चावलेला माणूस असला, तर तोच तास भारी पडतो. म्हणून आज जुन्या गाडीचे पाणी का गळते, ते कसे ओळखावे आणि कसे बंद करावे, हे बघू या.

अँबॅसडर गाडी कारखान्यातून निघणे २०१४ साली बंद झाले. पण ज्यांच्या घरी ती आहे, त्यांनी ती बैलजोडीसारखी सांभाळली आहे. बंडीच्या आसाला वंगण लागते, तसे इंजिनाला थंड पाणी लागते. इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळते, त्याची उष्णता भोवतीचे पाणी उचलते. वॉटर पंप ते पाणी रेडिएटरमध्ये ढकलतो, तिथे पंख्याच्या वाऱ्याने ते निवते आणि पुन्हा इंजिनात येते. हा फेरा कुठे तुटला, की इंजिन तापते. फार तापले की वरचे हेड वाकते, आणि मग साध्या नळीपायी हजारोंचे काम निघते.

गुरुजींनी वर्गात हे शिकवायचे असेल, तर घरातला प्रेशर कुकर डोळ्यांपुढे आणावा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळते. कुकरात दाब असतो, म्हणून ते सुमारे १२० अंशांपर्यंत चढते. रेडिएटरचे झाकण हेच काम थोड्या प्रमाणात करते. झाकण सात पौंडी असेल, तर पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर फाटले किंवा स्प्रिंग ढिली झाली, की दाब राहत नाही आणि पाणी उकळून बाजूच्या नळीने बाहेर जाते. लोक रेडिएटर बदलायला निघतात, आणि दोष निघतो झाकणात.

आता एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते; झाकण हलले की ते उसळून तोंडावर, छातीवर येते. गाडी सावलीत लावा, इंजिन बंद करा, निदान अर्धा तास थांबा. रेडिएटरला हात लावून तो निवल्याचे बघा. मगच झाकणावर जाड कापडाची घडी ठेवून, तोंड बाजूला करून, ते पहिल्या खाचेपर्यंत फिरवा. वाफ गेली की पूर्ण काढा. कोणी भाजलेच, तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडा आणि डॉक्टरांकडे न्या. हळद, शाई, दंतमंजन काही लावू नका. आणि तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका, बीड तडकते.

गळती शोधायची ती सकाळी, गाडी गार असताना. रात्री गाडीखाली जुन्या खोक्याचा पुठ्ठा अंथरा. सकाळी डाग कुठे पडला ते बघा. अगदी पुढे डाग असेल, तर रेडिएटर किंवा त्याची खालची नळी. पंख्याच्या मागे असेल, तर वॉटर पंप. या पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असते. आतले सील झिजले की तिथून थेंब येतो. इंजिन बंद असताना पंखा हाताने हलवून बघा. तो खडखडला तर बेअरिंग गेले समजा, आणि पंप बदला. इंजिनाच्या कुशीला गंजाचा ओघळ दिसला, तर तिथली पत्र्याची टोपी, जिला मिस्त्री प्लग म्हणतात, ती आतून खाल्ली गेली आहे.

कधी पुठ्ठा कोरडा राहतो आणि पाणी मात्र रोज कमी होते. अशा वेळी गाडी चालवून तापवा, इंजिन बंद करून विजेरीने नळ्यांची टोके न्याहाळा. काही भेगा दाबाखालीच उघडतात. तिथेही काही सापडले नाही, तर पाणी आत जात आहे. इंजिन तापल्यावरही मागून पांढरा धूर येतच राहिला, इंजिनाचे तेल ताकासारखे झाले, किंवा गार इंजिन झाकण काढून चालू केल्यावर रेडिएटरात सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅसकेट गेले असे समजावे. ही गाडी पुढे चालवू नये. ते घरचे काम नव्हे. मिस्त्रीकडे ओढून न्या.

पाणी पुरे असूनही गाडी तापते, तेव्हा रेडिएटरच्या जाळीकडे बघा. कापसाच्या हंगामात तंतू आणि धूळ तिथे अडकून बसते. मागच्या बाजूने हलक्या धारेने पाणी मारले, की वारा मोकळा होतो.

आता दुरुस्ती. नळी दाबून बघा. ती मऊ, फुगलेली किंवा चिरलेली असेल, तर नवीन घाला. क्लिप नळीच्या अगदी टोकाला न बसवता थोडी आत बसवा. वाटेत नळी फुटली, तर गाडी निवल्यावर ती पुसून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, वर तार आवळा. झाकण पहिल्या खाचेपर्यंतच ठेवा, म्हणजे दाब चढणार नाही. आणि हळू हळू, काट्यावर नजर ठेवून, जवळचे गाव गाठा.

रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल, तर तो काढून झाळून घेता येतो. ॲल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिकच्या टाकीचा असेल, तर तसे झाळता येत नाही. तो बहुधा बदलावाच लागतो. आपल्याकडचे ड्रायव्हर रेडिएटरात मूठभर हळद टाकतात. ती फुगून भोक बुजवते, हे खरे. पण ती चांगल्या नळ्याही बुजवते, आणि थोड्या दिवसांनी गाडी जास्तच तापते. आपल्या जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती भाजीत पडू द्या. अगदी अडल्या वेळी हळद टाकलीच, तर घरी पोचल्याबरोबर रेडिएटर धुऊन घ्या.

भरायचे काय? आपल्या विहिरींचे पाणी जड. ज्या पाण्याने हंड्याच्या तळाला पांढरा थर धरतो, ते इंजिनातही थर धरते. बॅटरीचे शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मे निम्मे घालावे. इथे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असे कोणी विचारील. त्याने गंज थांबतो आणि पाणी उशिरा उकळते. वाटेत अडलात तर मात्र कोणतेही स्वच्छ पाणी चालेल; नंतर ते काढून टाका.

आणि शेवटची गोष्ट, गोठा असलेल्या घरांसाठी. नेहमीच्या कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि विषारी आहे. कुत्रे, वासरू किंवा लहान मूल ते चाटू शकते. मूत्रपिंडे निकामी होऊन जीव जातो. म्हणून जुने कूलंट नालीत, उकिरड्यावर, बांधावर ओतू नका. घमेल्यात धरा, झाकणाच्या डब्यात भरून त्यावर नाव लिहा, आणि गॅरेजवाल्याच्या हवाली करा. तो डबा खाण्याच्या तेलाचा किंवा शरबताचा नसावा. सांडलेल्या जागी राख टाकून ती उचला, मग जागा भरपूर पाण्याने धुवा, आणि ती सुकेपर्यंत जनावर तिकडे सोडू नका.

गुरुजी, पुठ्ठा, विजेरी, कुकरचे उदाहरण आणि हाताचा धीर, एवढ्या सामग्रीवर मुलांना हे शिकवता येईल. गाडी बोलत नसली, तरी थेंब कुठे पडला ते दाखवते. तो थेंब उन्हाळ्याच्या आधी, फाल्गुनातच बघून ठेवा.