यंत्राची हजेरी आणि माणसाचा हिशेब



एखाद्या कंपनीच्या कचेरीत पाचशे संगणक आहेत आणि त्या सर्वांवर ‘मायक्रोसॉफ्ट ऑफिस’ बसवावयाचे आहे, तर ते काम कसे होते, हा ह्या भाषणाचा विषय आहे. शाळेत संगणक दोन-चारच असले, तरी मोठ्या कचेरीतील शिस्त तेथेही उपयोगी पडते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, सॉफ्टवेअर विकत घेतले म्हणजे त्याची मालकी मिळत नाही. मिळतो तो वापराचा परवाना. पुस्तक विकत घेणाऱ्यास ते छापून वाटण्याचा अधिकार नसतो, तसेच हे आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणकाच्या प्रोग्रॅमचा समावेश साहित्यकृतींत झाला. मोठ्या संस्था एकेक प्रत न घेता अनेक संगणकांसाठी मिळून घाऊक परवाना घेतात.

बसविण्याची रीत अशी. तंत्रज्ञ सर्व फायली इंटरनेटवरून एकदाच उतरवून घेतो व कचेरीच्या सर्व्हरवर ठेवतो. सोबत एक सूचनांची फाईल असते. ३२ बिटची आवृत्ती हवी की ६४ बिटची, भाषा कोणती, कोणते प्रोग्रॅम वगळावयाचे, जुनी आवृत्ती काढावयाची किंवा कसे, हे सर्व तीत लिहिलेले असते. प्रत्येक संगणक ह्याच सूचनांप्रमाणे चालतो, म्हणून सर्वत्र सारखेपणा राहतो. तथापि शहाणा तंत्रज्ञ आरंभी पाच-दहा संगणकांवरच प्रयोग करतो. जुने तक्ते उघडतात ना, छपाई नीट होते ना, हे पाहूनच तो पुढील विभाग हाती घेतो. कारण सर्वत्र एकदम केलेली चूक सर्वत्र एकदम पसरते.

ह्यानंतर परवान्याची ओळख पटविणे आले. त्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिल्यात कचेरीचाच एक सर्व्हर जणू हजेरी घेतो. त्याने दिलेली मान्यता १८० दिवस टिकते, आणि प्रत्येक संगणक दर ७ दिवसांनी ती नवी करून घेण्याचा प्रयत्न करतो. मात्र ऑफिससाठी किमान ५ संगणकांनी मागणी केल्याखेरीज हा सर्व्हर मान्यता देतच नाही. दोन-तीन संगणकांच्या शाळेस हा मार्ग नाही. दुसऱ्या मार्गात एकच किल्ली ठरावीक वेळा चालते. प्रत्येक संगणक एकदा मान्यता घेतो, की झाले. परंतु संगणक पुसून पुन्हा सिद्ध केला, तर बहुधा आणखी एक मान्यता खर्ची पडते.

येथेच खरी मेख आहे. पहिल्या मार्गातील सर्व्हर हजेरी घेतो, पण परवाने किती विकत घेतले ह्याचा हिशेब ठेवीत नाही. तीनशे परवाने असता चारशे संगणकांना मान्यता मिळाली, तरी तो हरकत घेणार नाही. हिशेबाची जबाबदारी माणसाचीच राहते.

ह्याच हजेरीची नक्कल करणारी काही चोरटी साधने फुकट मिळतात. ती चालविण्यापूर्वी विषाणूरोधक बंद करावयास सांगितले जाते, आणि त्या उघड्या दारातून घातक प्रोग्रॅम आत शिरतात. शाळेच्या संगणकात मुलांच्या जन्मतारखा व आधार क्रमांक असतात. पालकांनी विश्वासाने दिलेली ही ठेव काही रुपयांच्या बचतीसाठी धोक्यात घालणे शिक्षकास शोभत नाही.

पैसे नसतील तर सन्मार्गही आहे. २०१० साली सुरू झालेले ‘लिबरऑफिस’ कितीही संगणकांवर विनामूल्य बसविता येते. तसेच ऑफिसच्या २०१६ व २०१९ ह्या आवृत्त्यांना मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या चालतात खऱ्या, पण त्यांना सुरक्षिततेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत.

म्हणून प्रत्येक शाळेने जडसंग्रह नोंदवहीत बाक-फळ्यांच्या नोंदींबरोबर आणखी एक पान राखावे. संगणकाचा क्रमांक, सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती, परवान्याचा प्रकार, बसविल्याची तारीख आणि बसविणाऱ्याचे नाव, एवढे रकाने पुरेत. परवान्याची कागदपत्रे मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावीत, आणि बदली झाल्यास कार्यभारासोबत ते पानही समक्ष सोपवावे. नोंद चोख असेल, तर संगणक बिघडला वा शिक्षक बदलला, तरी शाळेचे काम अडणार नाही.