मुठीत मावलेली स्प्रिंग

जत्रेत फुगे फोडायची बंदूक एकदाही हातात घेतली नाही, असा माणूस आपल्याकडे विरळाच. दारू नाही, धूर नाही. ‘फट्’ असा आवाज होतो आणि नेम लागला तर फुगा फुटतो. ही छर्र्याची बंदूक चालते केवळ स्प्रिंगवर. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट ठेवून दांडा दाबला की हवेचा जोर बोटाला कळतो. इथे दांडा दाबण्याचं काम स्प्रिंग करते. स्प्रिंग दाबून अडकवायची. घोडा ओढला की ती सुटते, दट्ट्या झपाट्याने धावतो, नळकांड्यातली हवा दाबली जाते आणि ती शिशाचा छर्रा नळीतून बाहेर फेकते.

लांब बंदुकीत हे सगळं बसवायला ऐसपैस जागा असते. पिस्तुलात ती नसते. स्प्रिंग लहान केली तर जोर राहत नाही, मोठी केली तर पिस्तूल हातात पेलत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नळीच आत ढकलून स्प्रिंग दाबायची अशी पिस्तुलं निघाली, पण त्यांची गणना खेळण्यातच होई. हे कोडं ज्यांनी चांगल्या रीतीने सोडवलं, त्यांत इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कारागिरांचं नाव घ्यावं लागतं.

बर्मिंगहॅममध्ये बंदूकवाल्यांचा एक अख्खा मोहल्लाच होता. नळी घडवणारा वेगळा, दस्ता करणारा वेगळा, चाप जुळवणारा वेगळा. 1899 ते 1902 या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांच्या अचूक नेमबाजीने ब्रिटिश फौज जेरीस आली. आपल्या सामान्य माणसालाही नेम धरता आला पाहिजे, ही भावना तिकडे बळावली आणि छोट्या रायफलींचे क्लब निघाले. अशा क्लबांची मध्यवर्ती संस्था 1901 मध्ये स्थापन झाली. याच शहरातल्या लिंकन जेफ्रीज यांनी 1904 मध्ये हवेच्या रायफलीचं पेटंट घेतलं आणि बी.एस.ए. कंपनीने ती बनवायला घेतली. मग दारूच्या गुत्त्यांतही सामने रंगू लागले. लोखंडी पत्र्याला भोक, त्यामागे घंटा. छर्रा भोकातून गेला की घंटा वाजे.

रायफलीनंतर पाळी पिस्तुलाची. पहिल्या महायुद्धाआधी वेस्टली रिचर्ड्स कंपनीने एडविन अ‍ॅन्सन यांच्या आराखड्यावरून एक पिस्तूल काढलं. नाव दिलं ‘हायेस्ट पॉसिबल’, म्हणजे नेमबाजीत मिळू शकणारे सर्वाधिक गुण. हे खेळणं नव्हे, असंच जणू कंपनीला सांगायचं होतं.

कायदाही तेच म्हणत होता. 1870 च्या कायद्याने हवेची बंदूकही बंदूकच मानली होती. ती घराबाहेर न्यायची तर वर्षाला दहा शिलिंग भरून परवाना घ्यावा लागे. महायुद्धानंतर मात्र चित्र पालटलं. लाखो सैनिक घरी परतले होते, रशियात क्रांती झाली होती, आयर्लंड पेटलं होतं. धास्तावलेल्या सरकारने 1920 मध्ये नवा कायदा केला. पिस्तूल किंवा रायफल बाळगायची तर पोलिसांचा दाखला हवा. हवेच्या बंदुका यातून वगळल्या. सरकारने एखादा प्रकार ‘विशेष धोकादायक’ ठरवला, तरच त्याला दाखला लागणार होता.

या सवलतीचं मोल वेब्ली अँड स्कॉट या कंपनीला लवकरच कळलं. 1887 पासून ब्रिटिश सैन्याला वेब्लीचं रिव्हॉल्व्हर पुरवलं जात होतं. युद्ध संपलं, मागणी आटली, आणि नव्या कायद्याने सामान्य गिऱ्हाइकही दुरावलं. अशा वेळी, 1924 मध्ये, कंपनीने आपलं पहिलं हवेचं पिस्तूल बाजारात आणलं. डग्लस जॉन्स्टन आणि जॉन फर्न यांच्या पेटंटवर ते आधारलेलं होतं.

त्यातली युक्ती अशी. नळी नळकांड्याच्या पुढे न जोडता त्याच्यावर, दुमजली घरासारखी ठेवली. नळीचं मागचं टोक सोडवून ती वर उचलून पुढे नेली की तीच तरफ होते आणि दट्ट्या पुढे ओढून स्प्रिंग दाबते. घोडा ओढल्यावर दट्ट्या पुढे न जाता मागे, नेमबाजाच्या दिशेने धावतो. दाबलेली हवा तिथून वर वळते आणि वरच्या नळीतल्या छर्र्याला पुढे ढकलते. एकाच लांबीत नळीही बसली आणि स्प्रिंगही.

हे पिस्तूल चाललं. 1929 मध्ये धाकट्यांसाठी ‘ज्युनिअर’, पुढच्याच वर्षी ‘सीनिअर’ आलं. 1932 मध्ये सैन्याने सरकारी कारखान्यातलं एनफिल्ड रिव्हॉल्व्हर स्वीकारलं, आणि तेही वेब्लीच्याच वळणाचं होतं! 1979 मध्ये कंपनीने दारूच्या बंदुका बनवणं थांबवलं, तरी हवेच्या बंदुकांचं काम चालू राहिलं. ज्याला लोक खेळणं म्हणत, त्यानेच शेवटी कारागिरांना पोसलं. 2005 मध्ये बर्मिंगहॅममधला तो कारखाना बंद झाला.

त्याच वर्षी ग्लासगोत हवेच्या बंदुकीचा छर्रा लागून दोन वर्षांचं एक मूल दगावलं. 1920 च्या कायद्याने ‘धोकादायक’ हा शब्द मोघम ठेवला होता. 1969 मध्ये त्याला आकडा मिळाला: पिस्तुलाला सहा फूट-पौंड आणि रायफलीला बारा, याहून जास्त जोर असेल तर पोलिसांचा दाखला. त्या मुलाच्या मृत्यूनंतर स्कॉटलंडमध्ये हा आकडाही अपुरा वाटू लागला, आणि 2016 च्या अखेरपासून तिथे हवेच्या साध्या बंदुकीलाही परवाना लागतो. कारागिराने स्प्रिंग मुठीत बसवली, तिचा जोरही मोजता आला. पण ती कोणाच्या मुठीत असावी, या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक पिढीला नव्याने द्यावं लागतं.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)