दिवा लागला, तरी परीक्षा संपत नाही

फुलोरा सापडला की मधमाशी पोळ्यात परतून नागमोडी नाचते आणि बाकीच्यांना दिशा सांगते. घरातली उपकरणे ज्या बिनतारी भाषेत बोलतात, त्यातल्या एकीला याच नाचावरून ‘झिगबी’ हे नाव मिळाले. तिचा पहिला आराखडा डिसेंबर २००४ मध्ये मंजूर झाला.

भाषा म्हणजे नियम. दिवा, बटण, दाराचे कुलूप यांनी निरोप कसा द्यायचा, पोच कशी द्यायची, हे त्यात ठरलेले असते. विजेवर चालणारी उपकरणे निरोप हातोहात पुढे पोहोचवतात. सेलवरची मात्र काम नसताना झोपतात. त्यांचा रेडिओ सतत जागा राहिला, तर वर्षभर पुरणारा सेल एक-दोन दिवसांतच संपतो.

त्यामुळे टेबलावर दिवा लागला की इंजिनिअरचे काम संपत नाही, तिथून खोड्या काढणे सुरू होते. मधला प्लग उपटला तर निरोप दुसरी वाट शोधतो का? आड लोखंडी कपाट आले तर? शेजारी वाय-फाय चालू असेल तर? कारण दोघेही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात बोलतात. वीज जाऊन आली की सारी उपकरणे एकदम जागी होतात. त्या गलबल्यात कुलपाचा निरोप हरवतो का? हवेतला प्रत्येक निरोप टिपून हे तपासले जाते.

आणि तरीही एखादी फट राहते. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील आदी शमीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली फिलिप्सच्या ‘ह्यू’ दिव्यांवर प्रयोग केला. नवा मालक सांगणारे उपकरण अगदी जवळ असल्याखेरीज दिव्याने त्याचे ऐकू नये, असा नियम होता. नियम चांगला होता. पण जवळ-दूर तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चूक होती. संशोधकांनी ३५० मीटरवरून, ड्रोनमधल्या यंत्राने, एका इमारतीतले दिवे ताब्यात घेतले. ते दिवे मोर्सच्या संकेतात मदतीची हाक देत लुकलुकू लागले! संशोधकांनी कंपनीला कळवले होते, आणि त्याच वर्षी दुरुस्तीही पाठवली गेली.

दिव्याच्या जागी कुलूप असते तर? म्हणूनच प्रमाणपत्राला महत्त्व आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ‘मॅटर’ या सामाईक भाषेतही उपकरणाला चाचणी देऊनच शिक्का मिळतो. पण शिक्का त्या दिवसापुरता असतो, चोरवाटा नंतरही सापडतात. तेव्हा खरेदी करताना दुकानदाराला नुसते रंग किती, असे विचारू नका. सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, हे विचारा. घरी आल्यावर इंटरनेट बंद करून बटण दाबा. दिवा लागला पाहिजे. आणि कुलूप घेतले असेल, तर ते साध्या किल्लीनेही उघडते ना, तेवढे आधी पाहून घ्या.