उपवासातील देह आणि संप्रेरकांचे नियमन
(संस्थेच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



अठ्ठाई करणाऱ्यांची साता विचारावयास आपण सारे जातो. अन्नाविना आठ दिवस देह चालतो कसा, याचे उत्तर संप्रेरकांच्या, म्हणजेच हार्मोन्सच्या, नियमनात आहे.

निरोगी प्रौढाच्या संपूर्ण रक्तात एका वेळी जेमतेम ४-५ ग्रॅम साखर असते. चहाचा एक चमचा म्हणा ना! मेंदूला मात्र ती अखंड हवी. जेवणानंतर साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि जादा साखर यकृतात व स्नायूंत साठते. साखर उतरू लागली की इन्सुलिन घटते, त्याच स्वादुपिंडातून ग्लुकागॉन स्रवते आणि यकृत आपले कोठार उघडते. हे कोठार साधारण एका दिवसात रिते होते. पुढे यकृत प्रथिनांपासून नवी साखर घडविते, चरबीपासून कीटोन तयार करते, आणि काही दिवसांनी मेंदूही त्यांवर बराचसा निर्वाह करू लागतो. मात्र त्यासाठी इन्सुलिन वेळेवर कमी व्हावे लागते.

मधुमेही बांधवांची अडचण नेमकी इथेच आहे. टोचून घेतलेले इन्सुलिन उपवास ओळखत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्याही रिकाम्या पोटी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावतात. मग घाम फुटतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते. घरच्यांना तो तपाचा थकवा वाटतो. उलटपक्षी, टाइप १ मधुमेहाच्या रुग्णाने इन्सुलिन परस्पर बंद केल्यास कीटोन बेसुमार वाढून प्राणावर बेतते. डापाग्लिफ्लोझिनच्या वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांनाही दीर्घ उपवासात हा धोका संभवतो, तोही साखर फारशी न वाढता.

डॉक्टरांपासून तप लपविणारे आणि घरच्यांपासून औषध लपविणारे, दोन्ही प्रकारचे तपस्वी मी पाहिले आहेत. पच्चक्खाण घेण्यापूर्वी, निदान दोन आठवडे आधी, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. रात्री चौविहार असताना साखर उतरली तर काही द्यावयास घरच्यांचा हात धजत नाही. परंतु प्रकृती बिघडल्यास औषध घेण्याचा आगार पच्चक्खाणातच ठेवलेला आहे. ग्लुकोमीटरवर आकडा ७० च्या खाली दिसताच १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालयात न्यावे.