टेबलावर बाई, भोवती माणसं
(ऊर्जानगर येथे महिला मंडळांच्या बैठकीत केलेले भाषण)



सिम्युलेटर म्हणजे काय, हे ऊर्जानगरच्या बायांना मी सांगायला नको. औष्णिक केंद्राच्या कंट्रोल रूममधल्या माणसाला आधी खोट्या पॅनेलवर बसवतात, मुद्दाम बिघाड दाखवतात आणि तो काय करतो ते बघतात. विमान चालवणाऱ्यांचंही तसंच. मग बाईला भूल देणाऱ्यांचं काय?

बाईला म्हणते ते उगीच नाही. सिझर, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, पिशवी काढणं, टेबलावर आपणच असतो. सिझरला बहुधा पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देतात. त्यानं रक्तदाब झटकन उतरू शकतो. क्वचित औषध वर चढतं नि श्वास अडखळतो. उपाय भूलतज्ज्ञाला पाठ असतो. पण त्या मिनिटाला त्याचे दोन हात पुरत नाहीत. सलाईन जोरात कोण सोडणार? ऑक्सिजन कोण बघणार? औषधाच्या कपाटाची किल्ली कुणाकडे? हो, किल्लीपाशीसुद्धा जीव अडतो.

अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबा या भूलतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या शेवटी विमानवाल्यांची ही पद्धत ओटीत आणली. टेबलावर पुतळा, शेजारी खरा मॉनिटर. शिकवणारा आकडे खाली आणतो आणि सगळ्यांनी मिळून पेशंटला वाचवायचं. एकानं सांगितलेलं दुसऱ्यानं मोठ्यानं परत म्हणायचं, म्हणजे ऐकलं की नाही ते कळतं. नंतर सगळे बसून बोलतात. तुम्हाला दिसत होतं, मग बोलला का नाहीत? माझ्या मते खरं शिक्षण तिथं होतं.

2005 साली इंग्लंडमध्ये इलेन ब्रॉमिली ही दोन मुलांची आई नाकाच्या साध्या ऑपरेशनला गेली. भूल दिल्यावर श्वासाची वाट सापडेना. अनुभवी डॉक्टर घशातून नळी घालायची खटपट करत राहिले. एका नर्सनं गळ्याला छेद देण्याचं साहित्य आणून ठेवलं, तसं सांगितलंही. दुसरीनं अतिदक्षता विभागात खाट सांगितली. डॉक्टरांच्या नजरा बघून ती रद्द केली. इलेन काही दिवसांनी गेली. तिचा नवरा मार्टिन वैमानिक. चौकशीत कुणाला काय दिसत होतं ते बाहेर आलं, तेव्हा त्यानं डॉक्टरांना शिव्या घातल्या नाहीत. ओटीत विमानातल्यासारखी तालीम हवी, म्हणून तो चळवळीला लागला.

त्या नर्सेस आपल्याला अनोळखी आहेत का? आपल्याकडे तर सिस्टरच्या खाली आया, आयाच्या खाली सफाईवाली. डॉक्टरला टोकणं म्हणजे उर्मटपणा! घरात सुनेनं सासऱ्याला टोकावं तसं. हे ओझं नुसत्या परिपत्रकानं उतरत नाही. तालमीत दहादा मोठ्यानं बोलल्यावरच अकराव्यांदा खऱ्या पेशंटपाशी तोंड उघडतं.

कुणी म्हणेल, हे श्रीमंतांचे खेळ. गडचिरोलीतच बघा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 1990 च्या दशकात 39 गावांत थोड्या शिकलेल्या बायांना आरोग्यदूत केलं. बाळ रडलं नाही तर काय करायचं ते शिकवलं, आधी नळी-मास्क, पुढं पिशवी-मास्क. महत्त्वाचं म्हणजे घरच्या बाळंतपणात सुईण आणि आरोग्यदूत जोडीनं काम करू लागल्या. श्वास कोंडून होणारे बालमृत्यू त्या गावांत 65 टक्क्यांनी घटले. झोपडीत जमलं ते ओटीत का जमू नये? पुतळा नसेल तर एखादी सिस्टर टेबलावर निजेल, आकडे पाटीवर लिहा.

आपल्या भागात हे जास्तच निकडीचं. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास; मदत मागवली तरी पोचेपर्यंत काय? भूलतज्ज्ञ कमी म्हणून सरकारनं एमबीबीएस डॉक्टरांना 18 आठवड्यांत प्रसूतीच्या तातडीपुरती भूल द्यायला शिकवण्याची योजना काढली. चांगलंच केलं. पण शिकून आलेला तो डॉक्टर एकटा, आणि भोवतीची माणसं त्याच्याबरोबर कधी उभी राहिलेली नाहीत!

तुमच्यापैकी कुणी रुग्ण कल्याण समितीवर असेल तर पुढच्या बैठकीत विचारा: ओटीत शेवटची तालीम कधी झाली? तारीख मागा. तीत आया होती का? रात्रपाळीची सिस्टर होती का? ‘वेळ नाही’ असं उत्तर येईल. ते इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याच्या पुढच्या बैठकीत पुन्हा विचारा.